भारी पेट्रोलचे दोन डबे

लढाईच्या दिवसांत आमच्या घरात रॉकेल, साखर, कापड या सगळ्यांपेक्षा पेट्रोलची चर्चा जास्त चाले. माझे यजमान लोणावळ्याला डॉक्टर होते. घरात मी त्यांना ‘अहो’च म्हणे, इथे मात्र डॉक्टर म्हणते, म्हणजे लिहिताना जरा अदब राहील. नाहीतर जुनी भांडणं उकरून काढायला मला फार वेळ लागत नाही.

त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती. आमच्या लग्नाआधीच ती घरात आलेली, त्यामुळे थोरलेपणाचा मान तिचा. आठवड्यातून दोनदा ती मावळात जाई. मंगळवारी कामशेतहून खिंड चढून पवन मावळात, आणि शुक्रवारी कामशेतहूनच पण दुसऱ्या अंगाला, नाणे मावळात, वडिवळ्याला. दोन्हीकडे डॉक्टर देवळात बसत आणि आसपासच्या वाड्यांवरची माणसं तिथे येत. पावसाळ्यात रस्ते चिखलात जात, तेव्हा हे सगळं बंद. भातं झोडून झाली, गाडीवाटा सुकल्या, की पुन्हा सुरू.

पेट्रोल भरण्याचं काम माझं होतं. त्याला कारण डॉक्टरांचा एक नियम. रोग्याला लावायचे हात पेट्रोलला लागता कामा नयेत. तो वास लवकर जात नाही, आणि तापानं फणफणलेल्या माणसाला त्या वासानं मळमळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डबा उचलायचा मी, नरसाळ्यावर धडपा धरून गाळायचं मी, आणि टाकीत वेळूची काठी बुडवून किती उरलं ते पाहायचं तेही मीच. काठीवर त्यांनी चाकूनं खाचा पाडून दिल्या होत्या. शेजारच्या बायका कुंपणावरून बघत आणि म्हणत, "वहिनी, मोटारीला दूध पाजताय का?" मी म्हणे, "हो, पण मेली कितीही प्यायली तरी बाळसं धरत नाही."

त्या वर्षी पेट्रोलची कुपनं कमी झाली. डॉक्टर म्हणून आम्हाला इतरांपेक्षा बरं मिळे, तरी आता दोन फेऱ्यांपैकी एकीलाच पुरेल एवढंच येऊ लागलं. याचा अर्थ सरळ होता. पवन मावळ किंवा वडिवळे, दोन्हींतलं एक सोडायचं. पवन मावळात माणसं जास्त येत. वडिवळ्याचा रस्ता वाईट आणि रोगी कमी. सोडायचं झालं तर वडिवळेच सुटणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि दोघंही ते तोंडानं म्हणत नव्हतो.

वडिवळ्याला एक म्हातारी होती. तिच्या घोट्याच्या वर एक जुनी जखम होती. दर पावसाळ्यात भातखाचराच्या चिखलात उभं राहून राहून ती चिघळत गेलेली. डॉक्टर दर शुक्रवारी स्वतः ती धुऊन बांधत, तेव्हा कुठे आता ती कडेनं भरत आली होती. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर जेवताना एरवी कुठल्याही रोग्याविषयी बोलत नसत, या पायाविषयी मात्र बोलत. हातात घास धरून "आज कड अगदी गुलाबी होती" असं इतक्या आनंदानं सांगत, की माझी अन्नावरची वासना उडाली तरी मला रागावता येत नसे.

मी एकदा सुचवलं की आगगाडीनं कामशेतला उतरावं आणि पुढे बैलगाडीनं जावं. त्यात अख्खा दिवस मोडतो, दर आठवड्याला इथला दवाखाना बंद ठेवायचा का, असं त्यांनी विचारलं. आमच्या दाराशी सकाळपासून माणसं बसलेली असत, त्यांना परत जा म्हणून कुणी सांगायचं?

तेवढ्यात ते दोन डबे आले.

खंडाळ्याला मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता. त्यांची मोठी विलायती गाडी होती. पेट्रोलची टंचाई झाली तशी त्यांनी ती विटांवर चढवून ठेवली होती. शेठजींच्या आईला न्यूमोनिया झाला, डॉक्टरांनी तो निभावून नेला, आणि शेठजींनी गाडीखान्यात पडून असलेले दोन सीलबंद डबे आमच्याकडे पाठवून दिले. लढाईच्या आधीचं, भारी पेट्रोल. त्यांची गाडी दुसरं काही पीतच नसे. याला ऑक्टेन जास्त असतो, असं डबे घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं. ऑक्टेन म्हणजे काय ते त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं, पण शब्दाला वजन होतं.

बाजारातल्या मोटार-मिस्त्रींनी एका डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. "डाक्टरसायेब, ह्यो खुराक हाय," ते म्हणाले. "शर्यतीच्या बैलाला आदीपासनं अंडी आन् तेल पाजत्यात का न्हाई? तसंच ह्ये. ह्ये घाटलं की तुमची गाडी निम्म्या पेट्रोलात तेवढीच पळंल."

आमच्या मुलखाची सगळी समजूत या बोलण्यात होती. बैल हडकला की पेंड, बाळंतीण सुकली की डिंकाचे लाडू, पोरगं खुरटलं की तूप. शक्ती ही पोटात घालायची वस्तू, आणि जितकी भारी वस्तू तितकी जास्त शक्ती. मी तळेगावची, याच पाण्यावर वाढलेली, मला मिस्त्रींचं म्हणणं लगेच पटलं. नवल वाटलं ते डॉक्टरांनाही पटल्याचं. हा माणूस जन्मभर याच समजुतीशी भांडत आलेला. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण म्हणे, "पुडी नगं, सुई द्या." पडसं झालं, सुई द्या. पाठ दुखली, सुई द्या. डॉक्टर लालबुंद होत. "अरे, सुई म्हणजे ताकद नव्हे. रोगाला जे लागतं तेच औषध. जे लागतच नाही ते दिलं तर फुकट जातं," हे मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते तोंडपाठ झालं होतं. एखाद्यानं फारच हट्ट धरला तर ते त्याला नुसत्या पाण्याची सुई देत. तो दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन परसातले पेरू घेऊन येई, आणि डॉक्टर पेरू खाताना दर फोडीला हसत.

तेच डॉक्टर आता गाडीला सुई टोचायला निघाले होते. मी तसं म्हणून दाखवलं. "यंत्राची गोष्ट वेगळी असते," ते म्हणाले. यंत्राची गोष्ट वेगळी असते ती कशी, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्यांचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की हा माणूस पेट्रोलविषयी बोलतच नाहीये. तो वडिवळ्याविषयी बोलतोय. निम्म्या पेट्रोलात गाडी पळाली तर कुठलंच गाव सोडावं लागणार नव्हतं.

मंगळवारी मी टाकीत भारी पेट्रोल घातलं. डॉक्टर कंपौंडरला घेऊन पवन मावळात गेले आणि परत आले ते जावयाच्या थाटात. रेशनच्या पेट्रोलवर खिंड चढताना इंजिनात टकटक होई, आत कुणी खलबत्ता कुटत बसल्यासारखी. ती पार बंद झाली होती. मी टाकीत काठी बुडवली. नेहमीपेक्षा एका खाचेनं जास्त ओली निघाली. डॉक्टरांनी ती काठी माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून पाहिली, आणि नियम विसरून बोटानं पुसली. "शुक्रवार वाचला," ते म्हणाले. मलाही फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी संध्याकाळी शिरा केला.

शिरा खाता खाता कंपौंडरनं सहज सांगितलं, "आज साहेबांनी गाडी काय झोकात चालवली! एका बैलगाडीच्या मागे निमूट चालले होते, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. खिंडीतून उतरताना तर पाय उचलून गाडी सोडून दिली होती." मी ऐकून घेतलं. आमचे डॉक्टर एरवी बैलगाडी पुढे दिसली की अशी मोटार हाकत की बैल बुजून शेतात शिरत. शिवाय त्या दिवशी निघताना मागची बैठक, हत्यारांची पेटी, जादा चाक, सगळं त्यांनी गाडीतून काढून ठेवलं होतं, हेही मला आठवलं. भारी पेट्रोल पोटात गेलं होतं गाडीच्या, आणि गुण आला होता डॉक्टरांना.

पुढच्या मंगळवारी ते अंघोळीला गेले असताना मी टाकीत रेशनचंच पेट्रोल घातलं आणि शेठजींचा डबा गाडीशेजारी दिसेल असा ठेवला. नवऱ्याला फसवणं वाईट, हे मला मान्य आहे. पण पाण्याची सुई काही मी शोधून काढली नव्हती.

ते परत आले तेव्हा अंगणातूनच म्हणाले, "आज तर मागच्या वेळेपेक्षाही छान पळाली."

"टकटक?"

"अगदी किंचित. लक्ष देऊन ऐकलं तर." मी काठी बुडवली. मागच्या मंगळवारी जिथवर ओली झाली होती तिथवरच ती ओली झाली. मग मी त्यांना काय केलं ते सांगितलं.

ते रागावले. मोठ्यानं नाही, त्यांचा राग आत जात असे. जेवताना त्यांनी आमटीत दोनदा मीठ घालून घेतलं आणि ती तशीच संपवली. मला वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. हात धुताना ते म्हणाले, "एकाच बाजूनं बघून चालत नाही. उलटंही करून बघायला हवं. कधी करशील ते मला सांगू नकोस." हा त्यांचा मोठेपणा होता, आणि तो मी तेव्हा त्यांना बोलून दाखवला नाही याची हळहळ आजही वाटते.

मग मी उलटं केलं. टाकीत भारी पेट्रोल घातलं आणि चेहरा असा ठेवला की रेशनचं आहे. त्या दिवशी डॉक्टर नेहमीसारखे तणतणत गेले, नेहमीसारखे बैल बुजवत आले. खिंडीत टकटक झाली नाही, तेवढा फरक त्यांना जाणवला. पण काठी नेहमीच्याच जुन्या खाचेवर येऊन थांबली. शेठजींचं पेट्रोल रेशनच्या पेट्रोलपेक्षा एक फर्लांगही पुढे गेलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कुणा रेल्वेतल्या इंजिनिअर स्नेह्याकडून मोटारीवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि ओसरीवर बसून ते वाचून काढलं. मला बोलावून समजावून सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना स्वतःला एखादी गोष्ट समजली असं वाटत नसे. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा आधी दाबली जाते आणि मग ठिणगी पडून पेटते. काही पेट्रोल दाब सहन करू शकत नाही, ठिणगी पोचायच्या आधीच इथेतिथे भडकतं. तीच ती टकटक. ऑक्टेन म्हणजे हा दाब सोसायचा गुण. "तो आकडा ताकदीचा नाहीच," डॉक्टर म्हणाले. "सोशिकपणाचा आहे. शेठजींच्या गाडीत दाब जबर, तिला सोशिक पेट्रोलच लागणार. साधं घातलं तर ती रडेल. आपली गाडी जुनी, तिच्यात तेवढं दाबलंच जात नाही. मग सोशिकपणा दाखवायचा कुणाला?"

"आणि खिंडीतली टकटक?"

त्यालाही उपाय पुस्तकात होता. स्टिअरिंगजवळ ठिणगी मागेपुढे करायचा एक छोटा दांडा होता. चढावर तो थोडा मागे ओढला की रेशनच्या पेट्रोलवरही टकटक थांबे. तो दांडा इतकी वर्षं त्यांच्या हाताशी होता.

मला त्यातली यंत्राची बाजू अर्धीमुर्धीच कळली. पण एक गोष्ट मनात राहिली. सोसणं म्हणजे ताकद असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात, बायकांना तर जास्तच. तसं ते नसतं. दाब असेल तिथे सोसण्याला अर्थ आहे. जिथे दाब नाही तिथे सोशिक माणूस आणि साधा माणूस सारखेच चालतात, सारखंच अंतर जातात. मी हे डॉक्टरांना म्हटलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला इथे दाब आहे का?" मी म्हटलं, "पुस्तक वाचा."

हळू चालवलं, ओझं कमी केलं, चाकांत हवा नीट ठेवली, तर पेट्रोल थोडं वाचतं हे मात्र खरं निघालं. पण ते थोडंच. वाचलेल्या थेंबांवर गाडी कामशेतपर्यंतसुद्धा पोचली नसती. दोन डबे म्हणजे दोन डबे पेट्रोल, कमी नाही आणि जास्तही नाही. ते संपेपर्यंत काही शुक्रवार निघतील, आणि मग वडिवळे बंद. हा हिशेब पहिल्या दिवशीही असाच होता.

आता गावाला हे सांगायला हवं होतं. दर शुक्रवारी ते परत आले की मी टाकीत काठी बुडवता बुडवता विचारी, "सांगितलंत?" ते म्हणत, "आज गर्दी होती." पुढच्या वेळी म्हणत, "आज म्हातारीच्या पायाकडे लक्ष होतं." त्याच्या पुढच्या वेळी ते मोटारीभोवती फिरून चाकं बघत राहिले. दुसरा डबा तळाला लागला.

शेवटच्या शुक्रवारी मी लुगडं बदलून गाडीत जाऊन बसले. "तुझ्या वजनाला पेट्रोल लागतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "लागू दे." बरोबर मी जुन्या धोतराच्या उकळून वाळवलेल्या पट्ट्या घेतल्या होत्या. गाव सोडावं लागलं तरी पाय सोडायची गरज नव्हती, एवढा विचार मी करून ठेवला होता.

देवळाच्या पायरीवर म्हातारी पाय पसरून बसली होती, शेजारी तिची सून. डॉक्टर आत रोगी तपासत होते तेव्हा मी सुनेला पाणी उकळून त्यात मीठ कसं घालायचं, पट्टी कशी भिजवायची, कडेपासून मध्यापर्यंत कसं पुसायचं ते दाखवलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. दुसऱ्यांदा तिनं सगळं स्वतःच केलं. म्हातारी आपला पाय सोडून माझ्याकडे बघत होती. मी हे आज का शिकवतेय, असं तिनं विचारलं नाही.

डॉक्टरांचं काम आटोपलं. त्यांनी पेटी बंद केली, सगळ्यांना नमस्कार केला, "बरंय, येतो" म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले. मी उठले नाही. ते गाडीपाशी पोचले, मागे वळून पाहिलं. मी तिथेच पायरीवर, म्हातारीच्या शेजारी. ते थोडा वेळ गाडीच्या दाराला हात लावून उभे राहिले आणि मग परत आले.

उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. पेट्रोल मिळत नाही, एकाच बाजूला येता येईल, पवन मावळात माणसं जास्त आहेत. भारी पेट्रोलची हकिगतही सांगायला लागले, ऑक्टेनपर्यंत आले आणि मध्येच थांबले. जमलेल्यांपैकी एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "म्हंजी फुडल्या शुक्कीरवारी न्हाई."

"नाही. आता नाही. लढाई संपेपर्यंत तरी नाही."

"कुनी लयच आजारी पडलं तर आमी गाडी जुपून कामशेताला आनू."

"आणा. निरोप धाडा, मी आगगाडीनं स्टेशनवर येईन." हे त्यांनी पुढे पाळलं, अगदी तापात असतानाही.

म्हातारीनं बांधलेला पाय जवळ ओढून घेतला. "डाक्टर," ती म्हणाली, "आमास्नी ठावं व्हतं. पेट्रोल न्हाई ह्ये साऱ्या मावळाला ठावं हाय. देवी टोचनारा यायचा, त्यो यायचा थांबला. साळंचा मास्तर यायचा, त्यो बी थांबला. कुनी सांगून थांबलं न्हाई. आमी आपलं पोरं घिऊन वाटंवर बसायचो, आज यील, उद्या यील. तुमी सांगिटलं, बरं झालं. आता शुक्कीरवारी वाटंवर बसायचो न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली. ते वाकले आणि तिनं नको नको म्हटलं तरी सुनेनं बांधलेली पट्टी एकदा चाचपून पाहिली. ती घट्ट होती.

परतताना ते बैलगाडीच्या मागून हळू चालवत होते, आणि या वेळी ते पेट्रोलसाठी नव्हतं. नाणे गावाच्या पुढे रस्त्याकडेला त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. समोर कापलेल्या भाताची खाचरं, त्यात कुणाची तरी म्हैस.

"मी आजही न सांगताच निघालो होतो," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणून तर मी उठले नाही."